अर्धा मका, अर्धे पेलेट : ग्वाल्हेरच्या एका शेगडीची तपासणी

जानेवारीचा दुसरा आठवडा, सकाळचे सव्वासहा. वहिनीचा फोन आला. "आई उठल्यापासून डोकं धरून बसल्यात. हॉलभर धूर आहे. हे म्हणतायत काही विशेष नाही, खिडक्या उघडल्या की जाईल. तू येऊन बघतेस का जरा?"

माझ्या मुरारहून ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जायला मला एरवी पंचवीस मिनिटं लागतात. त्या दिवशी धुकं इतकं होतं की पुढच्या टेम्पोचा मागचा दिवा धरून स्कूटर चालवत पाऊण तासानं पोचले. आत्या, म्हणजे वहिनीच्या सासूबाई, चौकात, उघड्यावर, दोन शाली गुंडाळून पाटावर बसलेली. "आत श्वास कोंडतो गं," एवढंच म्हणाली. तीन दिवस सकाळी डोकं दुखत होतं, हे तिनं त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दोन दिवस तिला ते पित्त वाटलं होतं.

हॉलमध्ये आत्याच्या मुलानं, दादानं, अमेरिकेहून आणलेली पेलेटची शेगडी, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या छोट्या कांड्या जाळणारी. समोरची काच तव्याच्या बुडासारखी काळी. दार उघडून आतली जळणाची वाटी बाहेर काढली, तर वाटीच्या तळाशी मुठीएवढा गोळा चिकटून बसला होता. पकडीनं ओढून काढावा लागला. वरून काळा-हिरवट आणि चकचकीत, हात चुकलेल्या चिक्कीसारखा, आणि त्यात मक्याचे दाणे आपापल्या आकारासकट कोळसा होऊन अडकलेले. वीटभट्टीवाले जास्त भाजलेल्या, वितळून एकमेकींना चिकटलेल्या विटांना खंगर म्हणतात, तशातला प्रकार. मी मालनपूरच्या एका कारखान्यात बॉयलरचं जळण आणि राख बघते. आमच्याकडे याला सरळ क्लिंकर म्हणतात, आणि सरसोंच्या काड्या जाळायला लागल्यापासून आमचं त्याच्याशी रोजचं नातं आहे. घरच्या हॉलमध्ये मात्र पहिल्यांदाच बघितला.

दादाचं निदान तयार होतं. मका ओला आहे. वहिनीचं निदान त्याहून सोपं, मका जाळायचाच कशाला. मला दोन्ही पटली. पुढे कळलं की दोन्ही अर्धवट होती.

शेगडी आणि तिचं बिऱ्हाड

दादा बारा वर्षं मिनेसोटात होता. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो, आणि चहूकडे मक्याची शेती. 2005 च्या आसपास तिथे मका बुशेलला साधारण 2 डॉलरला मिळायचा. बुशेल म्हणजे 56 पौंड, आपले 25.4 किलो. गॅस आणि तेल महागलेलं, मका मातीमोल, म्हणून लोकांनी घरोघरी मका जाळणाऱ्या शेगड्या बसवल्या. पुढे इथेनॉलसाठी मका जायला लागला, 2012 च्या दुष्काळात भाव 8 डॉलरच्या वर गेला, आणि त्या शेगड्यांची हौस फिटली. दादाची शेगडी त्या लाटेच्या शेपटाची. मूळ लाकडाच्या पेलेटसाठी बनवलेली, पण पुस्तिकेत लिहिलेलं की निम्म्यापर्यंत मका चालेल. दादा परत आला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमध्ये ती पण आली.

वाड्याचा हॉल अठरा बाय चौदा फुटांचा, छत तेरा फूट उंच, फरशी दगडी. ग्वाल्हेरात जानेवारीच्या काही रात्री पारा 5 अंशांच्या खाली जातो. आत्याला संधिवात. आधी मेळ्यातून आणलेला तेलाचा हीटर होता. (1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या त्या मेळ्यातून आमच्याकडे दर हिवाळ्यात एक तरी विजेची वस्तू येतेच, आणि दर उन्हाळ्यात माळ्यावर जाते.) तो हीटर या छताखाली नुसता स्वतःपुरता गरम व्हायचा.

पेलेटची शेगडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागे वरच्या बाजूला हॉपर, म्हणजे जळणाचं डबडं. त्यातून मोटरवर फिरणारा स्क्रू, ऑगर, थोडं थोडं जळण वाटीत टाकतो. वाटीच्या तळाला आणि बाजूंना भोकं. धूर ओढणारा एक पंखा शेगडीच्या आत किंचित निर्वात तयार करतो, त्यामुळे भोकांतून हवा आत खेचली जाते आणि जळण फुलतं. दुसरा पंखा खोलीतली हवा तापलेल्या नळ्यांवरून फिरवतो. म्हणजे या शेगडीचं सगळं विजेवर आहे. आपल्या चुलीला फुंकणी लागते, हिला आठवड्याचे सातही दिवस न थकता फुंकणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे पहिला पंखा.

डिसेंबरमध्ये दादानं बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणून 230 चे 110 व्होल्ट केले, पत्रेवाल्याकडून चार इंची जस्ताच्या पत्र्याचा पाइप करून घेतला, आणि तो भिंतीला धरून सहा-सात फूट आडवा नेऊन दोन कोपर वळवून खिडकीच्या झडपेतून बाहेर काढला. वर चढवला नाही, कारण वाड्याच्या छताला भोक पाडायला आत्या तयार नव्हती. पेलेट लाकडाच्या भुशाचे, पण इथले, 8 मिलिमीटर जाडीचे, बॉयलरवाल्यांसाठी बनवलेले. शेगडी 6 मिलिमीटरच्या पेलेटसाठी. घरपोच 14 रुपये किलो.

मका कुठून आला

वहिनीचं माहेर छिंदवाड्याकडे. मध्य प्रदेशात मका म्हटलं की छिंदवाडा. तिच्या भावाचा चार क्विंटल मका कोठारात राहिला, पावसाची ओल लागली, सोंडे पडले. व्यापाऱ्यानं 15 रुपये किलोनं मागितला. मक्याचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला 2225 रुपये होता, तेव्हा भावाला ते अपमानास्पद वाटलं. दादा म्हणाला, इकडे पाठवा, आम्ही जाळतो. ट्रकवाल्याच्या ओळखीनं पोती आली.

आत्याला हे पसंत नव्हतं. अन्न जाळू नये वगैरे बोलली नाही ती. तिचं म्हणणं जास्त नेमकं होतं. "वैश्वदेवाला आपण अग्नीला घास देतोच की. पण चिमूटभर. पोतं नाही देत." दादा हसला. किडका मका आहे, माणसांच्या उपयोगाचा नाही, असं त्यानं समजावलं. आत्या गप्प बसली, पण सूप घेऊन पोत्याशी बसायला लागली. जाळायचा तर जाळा, निदान पाखडून तरी घ्या. या पाखडण्याचा पुढे उपयोग झाला, तो वेगळ्याच कारणानं.

अर्धा मका, अर्धे पेलेट असं मिश्रण सुरू झालं. पहिले तीन दिवस सगळे खूश. ज्योत पिवळीधम्मक, हॉलला भाजलेल्या कणसासारखा वास. चौथ्या दिवसापासून काच काळी. सहाव्या रात्री शेगडी आपोआप विझली. आठव्या रात्री पहाटे तीनच्या सुमाराला वीज गेली, आणि सकाळी मला फोन.

तपासणी

कारखान्यातून मी आमचा वायू मोजायचा मीटर आणला. शेगडी रीतसर पेटवली. तासाभरानं हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू 9 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 9. मग मेन स्विच बंद केला, वीज गेल्यासारखं. पंखा थांबला. आडव्या पाइपला स्वतःची ओढ अशी नसतेच. गरम हवा वर जाते, आणि इथे वर जायला वाटच नव्हती. वाटीतला मका मात्र विझेना. दाणा घट्ट असतो, निखारा धरून ठेवतो. पंधरा मिनिटांत मीटरवर 64. जागतिक आरोग्य संघटनेची तासाभरासाठीची मर्यादा 35 मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण 30 पीपीएम. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या दर हिवाळ्यात उत्तरेकडे येतात, आणि आपण त्या वाचून म्हणतो, अशिक्षित लोक. इथे घरात दोन इंजिनिअर होते.

पित्ताचा उलगडा झाला होता. शेगडी त्या दिवसापुरती बंद.

मग मका. ओल ओळखायची साधी रीत आहे. कोरड्या बाटलीत कोरडं मीठ आणि मूठभर दाणे घालून खळखळ हलवायचं, आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर. चिकटलं. कारखान्याच्या ओव्हनमध्ये नीट मोजली तर 16.8 टक्के. पुस्तिकेत 15 च्या खाली, शक्यतो 12-13 असं छापलेलं. दहा किलो मका चाळला, खाली 640 ग्रॅम पीठ, कोंडा, सोंड्यांचा भुगा. हे पीठ ऑगरच्या नळीत थापल्यासारखं बसतं आणि वाटीत पडलं की ज्योत न होता नुसतं धुमसतं. इथवर दादाचं निदान बरोबर ठरत होतं, आणि तो ते मला दर दहा मिनिटांनी ऐकवत होता.

आता गोळ्याकडे. लाकडाच्या राखेत मुख्य माल कॅल्शियमचा. ती राख वितळायला हजार अंशांच्या बरंच वर जावं लागतं, म्हणून ती भुरभुरीत राहते आणि उडून खाली पडते. मक्याच्या दाण्याची राख वेगळ्या कुळातली. दाण्यात रोपाच्या बाळाची शिदोरी असते, पोटॅशियम आणि फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. हे दोघे एकत्र आले की सातशे अंशांच्या आसपासच मऊ पडायला लागतात, आणि वाटीतला निखारा त्याहून सहज गरम असतो. राख वितळते, खाली ओघळते, वाटीच्या भोकांशी गार हवा लागून गोठते. भोक बंद. एका भोकाची हवा गेली की शेजारच्या भोकावर जळण साचतं, तेही बंद होतं. राखेचं प्रमाण बघाल तर मक्यात ती दीड टक्क्यापेक्षा जास्त नसते, इथल्या पेलेटमध्ये त्याच्या दुपटी-तिपटीनं निघते. फरक राख किती याचा नाही, ती कसली आहे याचा.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या बॉयलरवर ठाऊक होती म्हणून इथे पटकन दिसली. शेगडी जळण वजनानं घेत नाही, आकारमानानं घेते. ऑगरच्या एका फेऱ्यात जेवढं मावेल तेवढं. पेलेट घनमीटरला साधारण 650 किलो भरतात, मका 720. शिवाय दाणा गोल, घरंगळत पोकळी भरून काढतो, आणि 8 मिलिमीटरचे पेलेट एकमेकांत अडून पोकळी ठेवतात. म्हणजे त्याच फेऱ्यात जळण वाढलं, हवा तेवढीच.

तेवढीच? का त्याहून कमी? इथे मी अडखळले.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, विजेची सायकल, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, नाही. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. या शेगडीच्या मोटरा साध्या, सायकलींच्या तालावर फिरणाऱ्या. ऑगर सलग चालू ठेवून मी त्याच्या दांड्याला खडूची खूण केली आणि घड्याळ लावून बसले. मोटरच्या पाटीवर मिनिटाला एक फेरा लिहिलेला. मोजला तर 72 सेकंद, पुन्हा मोजला, 73. साठाला पन्नासनं भागलं की हेच उत्तर येतं. पंखाही तसाच मंद. त्यात रात्री लष्करात व्होल्टेज पडतं. ट्रान्सफॉर्मरवर साडेअकराला 96 दिसले. ऑगरला गिअर असल्यानं तो कसाबसा ताल धरतो. पंख्यावर हवेचा भार थेट असतो, तो आणखी सुस्तावतो. त्याच्यापुढे सात फूट आडवा पाइप आणि दोन कोपर. एक किलो जळणाला नुसत्या हिशेबानं पाचेक घनमीटर हवा लागते, शेगडी नीट चालायला प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून जास्त.

उदबत्ती पेटवून दाराच्या फटीशी धरली. धूर आत खेचला जायला हवा. तो सरळ वर गेला.

दोन वायरी

या शेगड्यांना एक छोटा निर्वाताचा स्विच असतो. आतली ओढ ठरल्यापेक्षा कमी झाली की तो ऑगरची वीज तोडतो. हवा नाही तर जळणही नाही. उदबत्तीचा धूर आत जात नव्हता तर या स्विचनं शेगडी चालूच कशी दिली?

मागचा पत्रा काढला. स्विचवरच्या दोन्ही वायरी सोडवून एकमेकींना जोडलेल्या, वर काळी टेप.

"दादा, हे कधी केलंस?"

"डिसेंबरमध्येच. सारखी बंद पडायची गं. दहा मिनिटं चालायची, बंद. मला वाटलं, स्विच जुना झालाय."

"तेव्हा मका होता?"

दादानं उत्तर दिलं नाही. मका त्यानंतर तीन आठवड्यांनी आला होता.

त्या रात्री मी एकच प्रयोग केला. हॉपर रिकामा, पुसून कोरडा. मक्याचा एक दाणा नाही, नुसते पेलेट. पाइप तोच, पंखा तोच. स्विच परत जागेवर जोडला. माझा मीटर चालू, खिडक्या उघड्या, वहिनी टोपरं घालून समोर खुर्चीवर. शेगडी पेटली, छान फुलली, आणि अकराव्या मिनिटाला बंद पडली.

मक्याला कोर्टात उभं करून आम्ही चार दिवस उलटतपासणी घेतली होती, आणि शेगडी डिसेंबरपासून सांगत होती की मला श्वास पुरत नाहीये. तिचं तोंड टेपनं बंद केलेलं. मका आला नसता तर कमी हवेवर नुसते पेलेट काजळी धरत, कुरकुरत, कदाचित सगळा हिवाळा चालले असते आणि डोकं दुखणं पित्तावर गेलं असतं. मक्यानं पंधरा दिवसांत उघडकीला आणलं. मला अजून राग येतो तो दादाचा नाही इतका, स्वतःचा येतो. पहिल्या दिवशी मी गोळा हातात घेतला आणि ओळखीचा निघाला म्हणून त्याच्याकडेच बघत राहिले. कारखान्यात मी आधी ड्राफ्ट, म्हणजे हवेची ओढ, बघते, मग राख.

पाइप काढल्यावर कोपराच्या आत जस्तावर पांढरी भुकटी फुटलेली आणि दोन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मक्यात प्रथिनं असतात, म्हणून नायट्रोजन दीड टक्क्याच्या आसपास. लाकडात तो त्याच्या काही अंशानंच. जळताना त्याची आम्लं बनतात, ओल्या मक्याची वाफ त्यांना पाइपच्या गार भिंतीवर टेकवते. मका जाळायचा तर पाइप चांगल्या स्टेनलेस स्टीलचाच हवा, हे पुस्तिकेच्या त्याच पानावर होतं जिथे निम्म्यापर्यंत मका चालेल असं लिहिलं होतं. दादानं वरचं वाक्य वाचलं होतं.

काय बदललं

आत्यानं छताला भोक पाडू दिलं. डोकेदुखीनंतर तिनं तो विषय स्वतःच काढला. स्टेनलेसचा पाइप शेगडीमागून सरळ वर, छताबाहेरपर्यंत, खाली राख काढायला झाकणाचा टी आकाराचा जोड. आता वीज गेली तरी पाइप स्वतः ओढतो. धूर ओढणाऱ्या पंख्याची मोटर महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या वाइंडिंगवाल्यानं 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची बसवून दिली, तिला वेगळा रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मर उरलेल्या भागापुरता राहिला. घरचा जुना इन्व्हर्टर मोटरांना गुरगुरायला लावायचा, तो बदलून साइन वेव्हचा, म्हणजे तारेतल्या विजेसारखीच लहर देणारा, घेतला. हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. निर्वाताचा स्विच जागेवर, आणि त्याच्या वायरींवर मी माझ्या हातानं लाल रंग लावला.

मग मका परत. दरम्यान आत्याच्या सुपानं काम केलं होतं. चौथ्या पोत्याच्या तळाशी तिला वेगळे दाणे लागले. "हे गुलाबी का गं? कुंकू सांडलंय का?" ते पेरणीतून उरलेलं बियाणं होतं, बुरशीनाशक चोळलेलं. कुणी खाऊ नये म्हणून त्याला रंग देतात. ते जाळलं असतं तर त्याचा धूर याच हॉलमध्ये. दीडेक किलो निघालं, वेगळं बांधून वहिनीच्या भावाला परत दिलं. ज्या एका पोत्यात बुरशीची काळी झाक होती तेही बाजूला काढलं. असा मका ओततानाच त्याची धूळ नाकात जाते, आणि गुरांना घातला तर बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं.

उरलेला मका गच्चीवर. जानेवारीत ग्वाल्हेरात ऊन अकराला येतं आणि चारला जातं. 13 टक्क्यांवर यायला नऊ दिवस लागले. उंदरांचीही चंगळ झाली, हॉपरचं झाकण रात्री घट्ट लावलं नाही तर सकाळी आत लेंड्या.

पहिल्यांदा एक भाग मका, तीन भाग पेलेट. दर दहा किलोला शंभर ग्रॅम शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातला. अमेरिकेतले मका जाळणारे हेच करतात. शिंपल्यात कॅल्शियम, तो राखेचा वितळण्याचा बिंदू वर नेतो. दादानं खायचा चुना घालून बघू म्हटलं, मी नको म्हटलं. तो बारीक असतो, उडून नळ्यांवर बसतो. पेटवताना फक्त पेलेट, फुलल्यावर मिश्रण, कारण दाणा चटकन पेट घेत नाही. बारा तासांनी वाटी काढली. तळाशी गोळा होता, पण बोटानं दाबला की रव्याच्या लाडवासारखा फुटला. काचेवर तपकिरी पडदा, कापडानं जाणारा. मीटरवर शून्य ते एक.

दादाच्या आग्रहासाठी दोन रात्री अर्धा-अर्धाही करून पाहिलं. चाललं. पण पाच-सहा तासांत वाटी खरवडावी लागली आणि गोळा घट्ट निघाला. म्हणजे मका अगदीच निर्दोष नव्हता. खास मक्याच्या शेगड्यांत वाटीत ढवळणारा दांडा असतो, हिच्यात नाही. पहाटे दोनला उठून खरवडायची तयारी असेल त्यानं निम्मा घालावा. मी विचारलं तर दादाच्या घरात तशी तयारी कुणाची नव्हती.

हिशेब

वहिनीनं कागद-पेन घेऊन बसवलं. पेलेट किलोला 17 मेगाज्यूल धरले आणि शेगडीनं त्यातलं 72 टक्के खोलीत दिलं, तर एका किलोतून 3.4 युनिट उष्णता, 14 रुपयांत. युनिटला 4 रुपये 10 पैसे. मका साडेपंधरा मेगाज्यूल, 70 टक्के, म्हणजे 3 युनिट. हमीभावानं घेतला तर युनिटला 7 रुपये 40 पैसे. आमच्या बिलावर सगळे आकार धरून वीज 8 रुपयांच्या आसपास पडते. चांगला मका जाळणं म्हणजे वीज जाळण्यासारखंच, वर राख काढायची.

"पण आपला तर फुकटचा होता," दादा म्हणाला.

वहिनीनं पेन फिरवलं नाही, तोंडीच सांगितलं. व्यापारी 15 देत होता. 15 रुपयांत किलोभराहून थोडे जास्त पेलेट येतात, त्यांतून 3.6 युनिट. तोच किलो मका जाळून मिळाले 3. ट्रकचं भाडं वेगळं, गच्चीवरचे नऊ दिवस वेगळे. भावाला तिनं तो हिशेब फोनवर वाचून दाखवला का, ते मी विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी ओसरली तेव्हा सव्वा क्विंटल मका शिल्लक होता. तो इथल्याच खाद्यवाल्यानं 14 रुपयांनी नेला.

तो पहिला गोळा मी कागदात गुंडाळून मालनपूरला नेला होता आणि बॉयलरच्या टेबलावर ठेवला होता. आमचा बॉयलरवाला रात्रपाळी संपवून आला, त्यानं तो उचलला, हातात तोलला, नखानं खरवडला.

"मॅडम, सरसों का है?"

"नहीं, मक्का."

"हमारे यहाँ कब जला मक्का?"

"यहाँ नहीं. घर में."

त्यानं गोळा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "ड्राफ्ट कितना था?"